मुलांच्या ‘का?’ला खरे उत्तर हवे

पावसाळ्यातील एखादी संध्याकाळ. खिडकीशी उभे असलेले सहा-सात वर्षांचे मूल विचारते, ‘आई, ढग गडगडतात का?’ आई ओट्याशी कामात असते. ‘ढगांची टक्कर होते म्हणून,’ असे सांगून ती मोकळी होते. मुलाचे समाधान होते आणि ते खेळायला जाते. प्रसंग इतका साधा की, त्यात काही चुकले असे कोणाला वाटतही नाही. मात्र ते उत्तर चुकीचे असते. तेच मूल पुढे पालक झाल्यावर आपल्या मुलालाही बहुधा तेच सांगते.

तीन ते दहा या वयातील मुले प्रश्नांचा भडिमार करतात. या प्रश्नांना घरोघरी मिळणारी उत्तरे साधारणतः तीन प्रकारची असतात. ‘गप्प बस, मोठा झालास की कळेल,’ हे पहिले. ‘देवाने तसे केले आहे,’ हे दुसरे. तिसरे उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटते, पण ते खरे नसते. पहिल्या दोन उत्तरांनी मुलाचा प्रश्न निदान शिल्लक राहतो. तिसऱ्या उत्तराने तो संपतोच, कारण उत्तर मिळाले असे मुलाला वाटते. म्हणूनच वरवर निरुपद्रवी वाटणारे हे तिसरे उत्तर अधिक नुकसान करते. मुलांकडून नेहमी येणारे काही प्रश्न, त्यांची प्रचलित उत्तरे आणि प्रत्यक्ष शास्त्र शेजारी ठेवून पाहिले की, हे स्पष्ट होते.

आकाश निळे का?

या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे ‘समुद्राचे प्रतिबिंब पडते म्हणून’. मग समुद्र निळा का, असे मुलाने विचारले की, ‘आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून’ असे सांगितले जाते. दोन्ही उत्तरे एकामागून एक ऐकणारे चौकस मूल येथेच थबकते, आणि त्याचे थबकणे योग्यच असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरचे आकाशही निळेच दिसते, एवढे लक्षात घेतले तरी पहिले उत्तर कोसळते.

सूर्याचा पांढरा दिसणारा प्रकाश अनेक रंगांचा मिळून बनलेला असतो. हा प्रकाश वातावरणातून येताना हवेतील वायूंच्या रेणूंवर आदळून सर्व दिशांना विखुरतो. हे विखुरणे सर्व रंगांच्या बाबतीत सारखे नसते. ज्या रंगाची तरंगलांबी कमी, तो अधिक विखुरतो. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चार ते पाच पट अधिक विखुरला जातो. त्यामुळे आपण आकाशात कोठेही पाहिले, तरी त्या दिशेकडून विखुरलेला निळा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. सायंकाळी सूर्यकिरणांना वातावरणातून बरेच लांबचे अंतर कापावे लागते. वाटेतच निळा प्रकाश विखुरून गेलेला असतो आणि उरतो तो तांबडा-नारिंगी. चंद्रावर हवा नाही, म्हणून तेथे भरदिवसाही आकाश काळेच दिसते. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या छायाचित्रांत ते पाहायला मिळते.

यावर एखादे हुशार मूल विचारू शकते, ‘मग आकाश जांभळे का नाही? जांभळ्याची तरंगलांबी तर आणखी कमी असते!’ प्रश्न अगदी रास्त आहे. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगाचे प्रमाण मुळात कमी असते, आणि आपला डोळाही जांभळ्यापेक्षा निळ्या रंगाला अधिक संवेदनशील आहे. म्हणजे आकाशाच्या रंगाच्या उत्तरात सूर्य आणि हवा यांच्याबरोबर पाहणाऱ्याचा डोळाही येतो.

हे घरीही दाखवता येते. काचेच्या उभट पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे काही थेंब टाकावेत आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने त्यावर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी धरावी. बाजूने पाहिले की पाणी किंचित निळसर दिसते, तर विजेरीच्या समोरून पाहिले की प्रकाश पिवळसर-नारिंगी दिसतो. दुपारचे आकाश आणि सायंकाळचा सूर्य, दोन्ही एकाच पेल्यात!

विखुरण्याचे हे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले. तथापि समुद्राच्या निळाईबाबत त्यांचेही मत असेच होते की, ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने भारतात परतत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना हे उत्तर पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम हे लहानसे उपकरण होते. त्यातून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवता येतो. तो अडवल्यावरही समुद्र निळाच दिसला. निळाई आकाशातून उसनी घेतलेली नव्हती, ती पाण्याचीच होती. बोट मुंबई बंदरात आली, तेव्हा २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख घालून रामन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी या विषयावरचे पत्र लिहिले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांचे म्हणणे होते. या विखुरण्याचा पाठपुरावा करतानाच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’चा शोध लागला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो, तो या शोधाची आठवण म्हणून.

समुद्राच्या रंगाची गोष्ट मात्र तेथे संपत नाही. पाणी प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि खोल पाण्याच्या निळाईचे ते मुख्य कारण आहे, असे आज मानले जाते. विखुरण्याचा वाटा त्यात आहेच. म्हणजे रॅले यांचे उत्तर रामन यांनी दुरुस्त केले आणि रामन यांचे उत्तर नंतरच्या शास्त्रज्ञांनी पूर्ण केले. जो प्रश्न थोरामोठ्यांना इतका काळ पुरला, तो सहा वर्षांच्या मुलाने विचारला म्हणून क्षुल्लक ठरत नाही.

चंद्र आपल्याबरोबर का येतो?

रात्रीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीतून मुलाला दिसते की झाडे, खांब, घरे भराभर मागे पळत आहेत, चंद्र मात्र गाडीबरोबर येत आहे. ‘चांदोमामाला तू आवडतोस म्हणून,’ हे उत्तर गोड आहे. पण मुलाने येथे एक अचूक निरीक्षण नोंदवले आहे, हे त्या गोडव्यात हरवते.

आपण पुढे सरकलो की जवळच्या वस्तूची दिशा झपाट्याने बदलते, तर दूरच्या वस्तूची संथपणे. रुळालगतचा खांब क्षणात मागे जातो, दूरचा डोंगर बराच वेळ दिसत राहतो. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावर आहे. त्या अंतरापुढे गाडीने कापलेला एखादा किलोमीटर नगण्य असल्याने चंद्राची दिशा बदललेली जाणवत नाही. म्हणून तो आपल्याबरोबर येतो आहे, असे वाटते. शेजारच्या डब्यातील मुलालाही तो त्याच्याबरोबर येताना दिसत असतो. उलट दिशेच्या गाडीतील मुलालाही!

हात लांब करून अंगठा समोर धरावा आणि एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटावा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. अंगठा डोळ्यांजवळ आणला की हे सरकणे वाढते, दूर नेला की कमी होते. याच तत्त्वावर, पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कक्षेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्यावर तारा किती सरकलेला दिसतो हे मोजून, १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर काढले. खिडकीतील मुलाचे निरीक्षण आणि ताऱ्यांची अंतरे मोजण्याची रीत यांच्यामागे एकच भूमिती आहे.

ढग का गडगडतात?

‘आभाळात म्हातारी हरभरे भरडते आहे,’ असे पूर्वीच्या आज्या सांगत. ती गोष्ट होती आणि गोष्ट म्हणूनच ती सांगितली जाई. मूलही थोड्याच दिवसांत ते ओळखे. ‘ढगांची टक्कर होते’ हे उत्तर मात्र शास्त्राचा वेश घेऊन येते, म्हणून ते मोठेपणीही टिकून राहते. वास्तविक ढग म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि बर्फाचे कण. घाटातील धुक्यातून गेलेल्या कोणालाही ढगाचा स्पर्श ठाऊक असतो. धुक्याचे दोन लोट एकमेकांत मिसळले, तर आवाज होत नाही.

टक्कर होते ती ढगांची नव्हे, तर ढगाच्या आतील बर्फकणांची. उंच वाढलेल्या ढगात हवेचे जोरदार झोत वर जात असतात. त्यात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारेसारखे जड कण एकमेकांवर आपटून विद्युतभारित होतात. सामान्यतः हलके कण धन भार घेऊन वर जातात आणि जड कण ऋण भारासह खालच्या भागात राहतात. हा भार प्रमाणाबाहेर वाढला की वीज कडाडते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास पाच पट तापते. अशी तापलेली हवा स्फोटासारखी प्रसरण पावते. तोच गडगडाट. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांबीचा असल्याने त्याच्या जवळच्या व दूरच्या भागांतून आलेला आवाज मागेपुढे पोहोचतो, म्हणून तो एकदम न संपता घुमत राहतो.

या उत्तराचा उपयोग केवळ ज्ञानापुरता नाही. प्रकाश तत्काळ दिसतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर अंतर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली, हे मुलालाही काढता येते. हे अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर मैदानावर किंवा गच्चीवर न थांबता पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे, असा जगभर दिला जाणारा सल्ला आहे. झाडाखाली आसरा घेणे तर सर्वांत धोक्याचे. भारतात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मृत्युमुखी पडतात. त्यांत शेतात काम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे, ते याच कारणासाठी. ‘ढगांची टक्कर होते’ असे शिकलेले मूल विजेच्या आवाजाला घाबरते. सेकंद मोजायला शिकलेले मूल विजेपासून सुरक्षित अंतरावर राहते.

आणि तरीही, ढगात विजेची पहिली ठिणगी नेमकी कशी पडते, हे शास्त्रज्ञांना आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. ढगातील विद्युतक्षेत्राची मोजमापे घेतली असता, ठिणगी पडण्यासाठी लागते असे मानले जाते त्यापेक्षा ते बरेच कमी आढळते. हेही मुलाला सांगायला हरकत नाही.

पाल छतावरून पडत कशी नाही?

पालीच्या पायाला गोंद असतो किंवा तिच्या बोटांत रबरी चकतीसारखी हवा ओढून धरण्याची सोय असते, अशी दोन उत्तरे ऐकायला मिळतात. दोन्ही खरी नाहीत. पालीची पावले कोरडी असतात आणि निर्वात पोकळीतही तिची पकड सुटत नाही, हे प्रयोगांनी दिसून आले आहे.

तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केसांचे दाट रान असते. टोके या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे फुटलेले असतात. हे फाटे पृष्ठभागाच्या इतके निकट जातात की, दोन पदार्थांच्या रेणूंमध्ये असणारे अतिशय क्षीण आकर्षण तेथे कार्य करू लागते. डच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यास व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. एका फाट्याचे आकर्षण नगण्य, पण कोट्यवधी फाट्यांचे मिळून पालीचे वजन सहज पेलते. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एकेका केसाचे बल मोजले आणि २००२ मध्ये ते याच आकर्षणाचे असल्याचे दाखवले. छतावरून उलटे पळणारी पाल माणूस हजारो वर्षे पाहत होता, खात्रीचे उत्तर मिळाले ते या शतकात.

या उत्तराच्या जोडीने आणखी एक गोष्ट साधता येते. आपल्याकडील घरांत पालीविषयी किळस आणि अंगावर पडण्याचे शकुन-अपशकुन, दोन्ही भरपूर आहेत. घरातील पाल विषारी नसते आणि ती डास-कीटक खाऊन आपली सोयच करते. पावलांची ही करामत पाहिलेल्या मुलाच्या मनात भीतीची जागा कुतूहल घेते.

पहिल्या पावसाचा वास कोठून येतो?

‘माती भिजली की वास येतो,’ हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. माती तर रोज नळाच्या पाण्यानेही भिजते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी या वासाचा अभ्यास करून त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींमधून येणारी काही तेले माती व दगडांत शोषली जातात, ती पावसाने मोकळी होतात. याच वासात ‘जिओस्मिन’ हे द्रव्य मिसळते. ते मातीतील स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जीवाणू तयार करतात. माणसाचे नाक त्याबाबतीत इतके तीक्ष्ण आहे की, लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी ते ओळखते. थेंब कोरड्या जमिनीवर आपटताच त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि त्यांतून उडालेले सूक्ष्म तुषार हा गंध वाऱ्यावर पसरवतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले.

उत्तर प्रदेशातील कनौज येथील अत्तरवाले मातीच्या या गंधाचे अत्तर पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत. ज्या जीवाणूंच्या कुळामुळे हा वास येतो, त्यातूनच १९४३ मध्ये क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. एका वासाच्या मागे जात राहिले, तर अत्तराच्या भट्टीपासून औषधापर्यंत पोहोचता येते, ते असे.

ज्या प्रश्नाला वर्ग हसला

मुलाचा प्रश्न मोठ्यांना चुकीचा वाटतो, तेव्हा काय होते? टांझानियातील एरास्टो म्पेम्बा हा विद्यार्थी १९६३ मध्ये शाळेत आइस्क्रीम करत होता. शीतकपाटात जागा मिळावी म्हणून त्याने उकळलेले दूध थंड होण्याची वाट न पाहता तसेच गरम आत ठेवले. त्याचे मिश्रण इतरांच्या आधी गोठले. असे का, या त्याच्या प्रश्नावर ‘तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल’ असे उत्तर मिळाले. पुढेही हा प्रश्न विचारल्यावर ‘हे म्पेम्बाचे भौतिकशास्त्र’ अशी थट्टा झाली. दार एस सलाम येथील विद्यापीठीय महाविद्यालयातील प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न त्याच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. वर्ग हसला. ऑस्बोर्न यांनाही ते खरे वाटले नाही, पण त्यांनी प्रयोग करून पाहिला. १९६९ मध्ये म्पेम्बा आणि ऑस्बोर्न या दोघांच्या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

गरम पाणी थंड पाण्याआधी गोठते का, आणि गोठत असेल तर कोणत्या परिस्थितीत, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण येथे महत्त्वाचा आहे तो ऑस्बोर्न यांचा प्रतिसाद. उत्तर ठाऊक नसताना त्यांनी प्रश्न मोडीत काढला नाही, तो तपासून पाहिला.

मोठ्यांनी काय करावे?

प्रत्येक पालकाने शास्त्रज्ञ असावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तरंगलांबीही सांगायची नसते. ‘हवा निळा रंग सगळीकडे उधळते,’ एवढे त्याला पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे. उत्तर वयानुसार सोपे असावे, पण मोठेपणी पुसून टाकावे लागेल असे नसावे. उत्तराआधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. मुलाच्या तर्कात बहुधा एखादे खरे निरीक्षण दडलेले असते. शक्य तेथे पेला, विजेरी, अंगठा यांसारख्या घरच्या साधनांनी करून पाहावे. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे सांगण्यात कमीपणा मानू नये. या वाक्यातील ‘आपण शोधू’ हा भाग मात्र पाळायला हवा. मुले ते विसरत नाहीत.

स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी देत नसत. एखादा विज्ञानविषयक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, असे ते सांगत आणि स्वाक्षरी त्या प्रश्नाच्या उत्तराखाली मिळे. स्वाक्षरी हवी असेल, तर आधी प्रश्न पडायला हवा, हा त्यातील धडा होता.

आज कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मोबाइलवर क्षणात मिळते. त्यांतील खरे कोणते आणि ‘ढगांच्या टकरी’सारखे कोणते, हे निवडण्याची सवय मात्र मोबाइल लावत नाही. ती लागते घरात, प्रश्न विचारणाऱ्या मुलाजवळ दोन मिनिटे थांबणाऱ्या माणसांमुळे. पुढच्या वेळी वीज चमकेल, तेव्हा मुलाबरोबर खिडकीच्या आत उभे राहून सेकंद मोजायला सुरुवात करावी. एक, दोन, तीन...